चुडा आणि चार मधमाश्या

खंडोजी कासार माणसं चेहऱ्यानं ओळखत नसत. चेहरा हा त्यांना अनावश्यक तपशील वाटे. बेंगळूरच्या शिवाजीनगरात, बस स्टँडामागच्या गल्लीत, छत्र्या दुरुस्त करणारा आणि पोपट विकणारा यांच्या मधे त्यांचं बांगड्यांचं दुकान होतं, आणि तिथं तीस वर्षं मान खाली घालून बसल्यामुळे अर्धं शहर त्यांना फक्त मनगटापर्यंत माहीत होतं. एकदा एका लग्नात एक बाई म्हणाल्या, "काय अण्णा, ओळख विसरलात?" खंडोजींनी शांतपणे त्यांचा उजवा हात हातात घेतला, अंगठ्याच्या मुळाशी दाबून पाहिला आणि म्हणाले, "दोन-सहा. डावा स्वल्प लहान. तुम्ही फ्रेझर टाऊनच्या." बाई खूश झाल्या. त्यांचे यजमान शेजारीच उभे होते. ते झाले नाहीत.

दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ ही बांगड्यांची मापं. काचेची बांगडी हातात चढवायची तर बाकीचे कासार साबण लावत, तेल लावत, आणि नव्या पिढीचे तर हातावर प्लास्टिकची पिशवी चढवून तिच्यावरून बांगडी सरकवत. खंडोजींना यातलं काही लागत नसे. अंगठ्याखालचं हाड नेमकं आत दाबायचं, बाईला माहेरच्या गोष्टी विचारायच्या, आणि ती उत्तर देईपर्यंत बांगडी मनगटावर. बांगडी फुटली असं कासार म्हणत नाहीत, 'वाढवली' म्हणतात. खंडोजींच्या दुकानात हा शब्द महिनोन्महिने ऐकू येत नसे.

मग चौऱ्याण्णव साली त्यांच्या हातांवर खपल्या धरू लागल्या. आधी बोटांच्या पेरांवर, मग पंजाच्या मागं. चंदेरी, कोरड्या, खाली लालभडक. चर्मरोगाच्या डॉक्टर स्मृती यांनी सांगितलं, "सोरायसिस. लागट नाही. कातडी महिन्यात नवी व्हायची, ती तुमच्याकडे चार दिवसांत होतेय."

"आमच्या घरात वेळेआधी होणारं हे पहिलंच काम," खंडोजींच्या पत्नी अहल्या म्हणाल्या.

लागट नाही हे गिऱ्हाइकांना कसं कळणार? खंडोजींनी डॉक्टरांकडून तसं लिहून घेतलं, कानडीत आणि इंग्रजीत, सही-शिक्क्यासह, आणि फ्रेम करून दुकानात देवीच्या तसबिरीशेजारी टांगलं. परिणाम असा झाला, की ज्या बायकांचं त्यांच्या हातांकडे लक्षच गेलं नव्हतं, त्या आता थांबून ते वाचू लागल्या, वाचून त्यांच्या हातांकडे बघू लागल्या, आणि बघून "नंतर येते हं अण्णा" म्हणू लागल्या. पंधरा दिवसांनी अहल्यांनी फ्रेम उतरवली आणि स्वतः पुढं बसल्या. खंडोजी मागं बसून डबे काढून देऊ लागले. गिऱ्हाइकाचा हात लांबून दिसे. ते मनात माप घेत, आणि गप्प बसत.

एवढंही त्यांनी चालवून घेतलं असतं. पण शहाण्णवच्या उन्हाळ्यात हर्षिताचं लग्न ठरलं.

हर्षिता त्यांची एकुलती एक. नवरामुलगा यशोवर्धन, टेलिफोन खात्यात. सगळं जमलं, आणि मग खंडोजींच्या थोरल्या बहिणीनं, महानंदाक्कानं, कामांची यादी वाचायला घेतली. त्या घरात महानंदाक्का वाचतील ते कायम होत असे. "आचारी, मल्लेश्वरमचा. फुलं, गांधीबाजार. चुडा भरायला मंजुनाथ."

खंडोजी कोपऱ्यात सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला.

कासाराच्या मुलीचा लग्नाचा चुडा तिचा बापच भरतो. महानंदाक्काचा त्यांच्या वडिलांनी भरला होता, वडिलांच्या बहिणींचा आजोबांनी. हर्षिताला पाचव्या महिन्यात काळ्या काचेची पहिली बिलवरं चढवली ती खंडोजींनीच, आणि तेव्हापासून तिच्या हाताला दुसऱ्या कुणी बांगडी लावलेली नव्हती. मंजुनाथ हा चिकपेटेतला पंचविशीतला पोरगा. पिशवीवाला.

"सरी," खंडोजींनी कानडीत होकार भरला. पण सुपारीचे त्यांनी इतके बारीक तुकडे केले, की ती नंतर कुणाला चिमटीत धरता येईना.

त्याच आठवड्यात दुकानात यल्लाप्पा आला. हा मूळचा बेळगावकडचा, सरकारच्या मधमाशी-पालन विभागातून निवृत्त झालेला, मारतहळ्ळीत शेवग्याच्या झाडांखाली पेट्या ठेवून राहणारा. बायकोच्या बांगड्यांचं माप म्हणून त्यानं दोरा आणला होता. दोरा घेताना खंडोजींनी सवयीनं हात पुढं केला आणि सवयीनं मागं घेतला. यल्लाप्पानं तो धरला आणि उजेडात नेला.

"कवापासून हाय हे?"

"दोन वर्षं. लागट नाही."

"मी कुठं म्हणालोय लागट हाय? माशी चावून घेटलंय काय कधी?"

"कुठली माशी?"

"मधमाशी ओ! तिच्या विखानं आमच्या साडूचं गेलं बघा असलंच. कोपरावर हुतं."

"पूर्ण गेलं?"

यल्लाप्पा प्रामाणिक माणूस होता. "एका कोपराचं गेलं. दुसऱ्याचं हाय अजून. गॅरंटी नाही बघा. सरकारी खात्यात होतो मी, गॅरंटी द्यायची सवय नाही मला."

खंडोजी एका कोपराच्या आशेवर डॉक्टर स्मृतींकडे गेले. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मी हे सुचवणार नाही. पुरेसा पुरावा नाही. आणि कुणाकुणाला एकाच माशीनं श्वास बंद पडतो, माहीत आहे?" मग त्यांनी खंडोजींच्या तोंडाकडे पाहिलं. "तुम्ही करणारच आहात, हो ना?"

"लग्नाला सहा आठवडे आहेत," खंडोजी म्हणाले. एरवी हे उत्तर झालं नसतं, पण त्यांनी ते उत्तरासारखं म्हटलं.

"मग पहिला डंख इथं, माझ्यासमोर. नंतर तासभर बसायचं. आणि मलम बंद करायचं नाही."

अशा रीतीनं एका मंगळवारी यल्लाप्पा मारतहळ्ळीहून बसनं आला, खिशात दोन काडेपेट्या घेऊन. एकीत माशी, दुसरीत जादा माशी. दवाखान्यात गर्दी होती. कंपाउंडरनं विचारलं, "पेशंट कोण?" यल्लाप्पानं खंडोजींकडे बोट दाखवलं. "आणि काडेपेटीत?" "औषध." औषध गुणगुणलं. बाकावरच्या दोन बाया उठून दुसऱ्या बाकावर गेल्या.

डॉक्टरांनी इंजेक्शन भरून जवळ ठेवलं. यल्लाप्पानं काडेपेटी उघडली. पहिली माशी बाहेर आली, खंडोजींच्या पसरलेल्या हाताकडे तिनं पाहिलंही नाही, वजनकाट्यावर बसली, तिथून डोळे तपासायच्या तक्त्यावर गेली, आणि तिला हुसकवायला आलेल्या कंपाउंडरच्या कानाला चावली. कंपाउंडरला काही कातडीचा विकार नव्हता. तरी नियम तो नियम; त्यालाही तासभर बाकावर बसवण्यात आलं. जादा माशीनं मात्र सरळपणे काम केलं. खंडोजी आणि कंपाउंडर शेजारी-शेजारी बसून तासभर एकमेकांचे ओठ सुजतात का ते पाहत राहिले. नाही सुजले.

मग दर रविवारी मारतहळ्ळी. सोबत हर्षिता असे, कारण परतताना खंडोजींच्या हातांना बसची दांडी धरवत नसे. शेवग्याखाली चार पेट्या होत्या. एके काळी तीस होत्या. चार-पाच वर्षांपूर्वी माश्यांमध्ये रोग आला आणि राज्यभरची पोळी ओस पडली, त्यातून वाचलेल्या ह्या चार. त्यामुळे यल्लाप्पा माश्यांच्या बाबतीत हात आखडून वागे. रविवारी तीन, फार तर चार. चिमट्यानं माशी धरायची, खपलीच्या कडेला टेकवायची, डंख झाला की नांगी नखानं खरवडून काढायची. दुसऱ्या रविवारपासून चिमटा हर्षितानं घेतला. एकदोनदा तिलाही डंख बसला. संध्याकाळपर्यंत बोट फुगायचं, दीड दिवसात उतरायचं, बाकी काही नाही.

"पोरीचा हात स्थिर हाय ओ," यल्लाप्पा म्हणे.

"दोन-चार," खंडोजी म्हणत. त्यांच्या मते यात सगळं आलं.

पहिल्या रविवारीच त्यांनी विचारलं होतं, "चावल्यावर माशीचं काय होतं?"

"मरते की. नांगी तुमच्यात ऱ्हाते, पोटातला तुकडा पण. मग कशी जगणार?"

वरून विमानतळाकडे उतरणारं विमान गेलं. इतक्या खालून, की शेंगा हलल्या. आवाज संपेपर्यंत खंडोजी चिमट्याच्या टोकाशी निपचित पडलेल्या माशीकडे बघत होते. आपल्या हातून काही फुटू नये, याचीच काळजी त्यांनी जन्मभर केली होती. त्यानंतर प्रत्येक डंखाआधी ते माशीला "क्षमा करा" म्हणू लागले. आदरार्थी बहुवचनात. हर्षिताला आधी हसू आलं, मग चौथ्या रविवारी तीही म्हणू लागली.

हात सुजत. सोमवारी खंडोजी स्वतःच्याच हाताचं माप काढत: "आज तीनच्या वर गेलाय. माझ्या दुकानात ह्याला बांगडी नाही." गुरुवारी खपल्या कमी झाल्यासारख्या वाटत, शुक्रवारी पुन्हा होत्या तेवढ्याच. सहाव्या आठवड्याअखेरीस स्थिती अशी होती: डावा हात खरोखरच बरा दिसत होता, बराचसा. उजवा जसाच्या तसा. डाव्याचं श्रेय माश्यांचं की मलमाचं हे कुणालाच सांगता येईना. डॉक्टर म्हणाल्या मलम, यल्लाप्पा म्हणाला माशी, अहल्या म्हणाल्या की डाव्या हातानं हे कधी काही काम करत नाहीत म्हणून.

चुड्याच्या आदल्या संध्याकाळी खंडोजी महानंदाक्कासमोर जाऊन बसले आणि शाळेत छडी घेताना धरतात तसे दोन्ही हात पुढं धरले.

अक्कानं चष्मा लावला. हात उलटे केले, सुलटे केले. "डावा बरा आहे."

"उजवा?"

"उजवा उजवाच आहे, खंडू."

"लागट नाही अक्का."

"मला ठाऊक नाही होय? रोज तुझ्या हातचा चहा पिते मी." त्यांनी भावाचे हात सोडले नाहीत. "पण उद्या विहीणबाई येणार, प्रतिमाबाईंच्या घरच्या चौदा बायका येणार. त्यातली एखादी सगळ्यांदेखत हात मागं घेईल. त्या वेळचं तुझं तोंड मला बघवायचं नाही रे. दुकानात बघितलंय मी एकदा. पुरे."

खंडोजी म्हणाले, "सरी अक्का." दारात हर्षिता चहाचा ट्रे घेऊन उभी होती. चहा निवेपर्यंत ती तिथंच उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, यल्लाप्पामामांना पत्रिका द्यायची राहिलीय, आणि एकटीच बसनं गेली. परत आली ती दुपारी जेवणं उरकल्यावर, दोन्ही हात पदराखाली घेऊन. नवरीनं असं चालणं शुभ दिसतं, म्हणून कुणी काही विचारलं नाही.

चार वाजता बायका आल्या. मुलाची आई प्रतिमाबाई, उंच, हिशेबी नजरेच्या, मधोमध बसल्या. मंजुनाथनं पेटी उघडली, हिरव्या बांगड्या मांडल्या, पिशवी फुंकून फुगवली. खंडोजींना आतल्या खोलीत नारळ मोजायचं काम दिलं होतं. ते त्यांनी चार वेळा केलं. चारही वेळा आकडा वेगळा आला.

"हात पुढं कर अक्का," बाहेर नवरीला सांगणारा मंजुनाथचा आवाज. मग, "अय्यो!"

मग काचेचा आवाज. मग बायकांच्या एकदम ओढलेल्या श्वासांची सळसळ. "वाढवली," मंजुनाथ घाईघाईनं म्हणाला. मग दुसरी वाढवली. तिसऱ्या वेळी तो 'वाढवली' म्हणायलाही विसरला.

"पोरीचे हात असेच आहेत का नेहमी?" प्रतिमाबाईंनी विचारलं.

"नाही हो! काल संध्याकाळपर्यंत..." महानंदाक्काचा आवाज प्रथमच यादीबाहेर गेला होता.

"दोन-दहाच्या घालतो," मंजुनाथ म्हणाला, "त्या चढतील."

"आणि सूज उतरल्यावर? अंतरपाट धरायच्या आधी गळून पडतील सगळ्या," अहल्या कडाडल्या. "दोन-चारचा हात आहे माझ्या मुलीचा!"

"मग तुम्हीच चढवा," मंजुनाथ म्हणाला. तो रडवेला झाला होता. नवरीचा चुडा आणि तीन बांगड्या वाढलेल्या. चिकपेटेत हे कळलं तर त्याचं दुकान उठलं असतं.

महानंदाक्का उठल्या, आतल्या दारापर्यंत आल्या आणि नारळांच्या ढिगामागं बसलेल्या भावाकडे न बघता म्हणाल्या, "खंडू, ये."

खंडोजी आले. नवरीसमोर मांडी घालून बसले. त्यांनी हर्षिताचा उजवा हात हातात घेतला आणि वर खिडकीच्या उजेडात धरला. अंगठ्याच्या मुळाशी, हाड जिथं दाबायचं तिथं, दोन बारीक लाल ठिपके होते. डाव्या हातावर तितकेच, त्याच जागी. वाट चुकून आलेली माशी इतकी नेमकी चावत नाही. त्यासाठी चिमटा लागतो, आणि स्थिर हात.

"किती?" त्यांनी ओठ न हलवता विचारलं.

"दोन-दोन," हर्षिता पुटपुटली. "दुसऱ्याला माप सापडणारच नाही इतपत सुजवायचे होते."

"यल्लाप्पानं दिल्या?"

"मामा पत्रिका वाचत होते."

"अंगावर उठलं असतं तर? श्वास लागला असता तर?"

"आधी चावल्यात की मला, आप्पा. काही होत नाही. आणि डॉक्टरांनी तुम्हाला दिलेली गोळी घेतलीय." मग जरा थांबून, "क्षमा करा पण म्हटलं. चौघींना."

खंडोजींच्या मनात बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण चौदा बायका बघत होत्या. "गार पाणी आणा," ते म्हणाले. "आणि पेटीतल्या दोन-चारच काढ, मंजुनाथ. जाड नको. पातळ काचेच्या."

"दोन-चार?" मंजुनाथ घाबरून म्हणाला. "ह्या हातात?"

"सूज पाहुणी आहे. माप घरचं घ्यायचं."

त्यांनी हर्षिताचे हात अर्धा तास गार पाण्यात ठेवले. मग ते खांद्यांच्या वर उंच धरून तिला बसवलं, वर्गात उत्तर येणाऱ्या मुलीसारखं. पंखा बंद करायला लावला, का ते कुणाला कळलं नाही. बहुधा सगळ्यांनी गप्प बसावं म्हणून. मग पहिली बांगडी घेतली. सूज कुठून सरकते, कुठं अडते, हे त्यांच्याइतकं बेंगळुरात कुणाला ठाऊक होतं? सहा आठवडे ती त्यांच्याच हातात राहायला होती. ते बोटाच्या पेरानं सूज मनगटाकडे ढकलत, थांबत, हाड आत दाबत, पुन्हा थांबत. हर्षिताचे डोळे पाण्यानं भरत होते, आणि ती दात दाखवून हसत होती. खंडोजींच्या उजव्या हाताच्या चंदेरी खपल्या तिच्या हिरव्या काचेवर पडत होत्या. ती त्या फुंकून उडवत होती, पोळीवरचं पीठ उडवावं तशी.

पहिल्या बांगडीला वीस मिनिटं लागली. दुसरीला पंधरा, मग वाट सापडली आणि पुढच्या भरभर चढल्या. सात वाजून गेले, बायकांना पुन्हा चहा दिला गेला. एकवीस बांगड्या: उजव्यात अकरा, डाव्यात दहा. एकही वाढली नाही.

चुडा भरून झाला की नवरीनं कासाराला वाकून नमस्कार करायचा असतो, कासार परका असला तरी. हर्षिता वाकली. खंडोजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तीन तास दाबून धरलेलं सगळं एकदम बाहेर आलं: "अखंड सौभाग्यवती हो, गाढवे, आणि परत माश्यांच्या वाटेला गेलीस तर तंगडं मोडून ठेवीन, सुखानं नांद!"

"आमच्याकडे हा आशीर्वाद जरा आखूड असतो," प्रतिमाबाई म्हणाल्या, आणि कपाळावर आठी न आणता बांगड्या भरायला आपला हात खंडोजींपुढं केला. त्यांच्यामागून दोघी पुढं सरकल्या. तिसरी, त्यांची धाकटी जाऊ, पुढं आली, बसली, खंडोजींचा उजवा हात तिनं जवळून पाहिला, आणि तिचा हात आपोआप पदरात गेला. सगळ्यांनी पाहिलं.

महानंदाक्कानं झटकन भावाच्या तोंडाकडे पाहिलं. ज्याची भीती होती ते तिथं त्यांना सापडलं नाही. खंडोजींची मान वळली होती मंजुनाथकडे, जो भिंतीला टेकून आपली पिशवी घडी करत होता.

"मंजुनाथ, ह्यांना तू भर," ते म्हणाले. "ती पिशवी ठेव खिशात. हात धर. तसा नाही रे, मऊ. आता अंगठ्याखाली चाचप, हाड लागलं? लागलं ना? मग आता घाई करू नकोस. ह्यांना विचार, माहेर कुठलं."

मंजुनाथनं घसा खाकरला आणि विचारलं.

"हुबळी," जाऊबाई म्हणाल्या. खंडोजी स्वतःचे दोन्ही हात पाठीमागं धरून वाकून बघत होते, आणि बांगडी निम्म्यावर आली होती.